पाच बियांचा बैल

चिंचणवाडीत आजवर बैल काही कमी विकले गेले नाहीत. पण शालूबाईचा हौश्या जसा विकला गेला, तसा दुसरा कुठला गेला नाही. भर गणपतीत, भर दुपारी, चावडीसमोर मांडव घालून, अडीचशे माणसांच्या साक्षीनं, कपाळाला गुलाल लावून आणि जोतिबाचं नाव घेऊन. आणि गेला कितीला, तर घेवड्याच्या पाच बियांना.

विकणारा गुंडा, शालूबाईचा धाकटा, वय वर्षं सोळा. बैल त्याचा नव्हताच. बैल थोरल्या नाथाजीचा. नाथाजी पलटणीत, आणि लढाई संपल्यामुळं पंधरवड्याच्या आत सुट्टीवर यायचा होता.

आता यात गुंडाची चूक किती, असं कुणी विचारलं तर गुंडा आजही सांगतो, चूक मास्तरांची.

त्याच्या दोन वर्षं आधी सहावीच्या वर्गात मास्तरांनी एका पुस्तकातनं गोष्ट वाचून दाखवली होती. एका पोराला आई गाय विकायला पाठवते. वाटेत म्हातारा भेटतो, गाय घेतो आणि बदल्यात घेवड्याच्या पाच बिया देतो. आई चिडून बिया खिडकीतनं फेकते, रातोरात वेल आभाळाला टेकतो, वर राक्षस असतो, वगैरे. वर्गातल्या सगळ्यांची तोंडं उघडी पडली. गुंडाचंही उघडलं, पण दुसऱ्या कारणानं.

"मास्तर, म्हाताऱ्यानं गाईचं दात बघितलं का?"

"बस खाली."

"आन रुमाल? रुमालाखाली हात न घालता सौदा कसा झाला? मधी दलाल कोन हुता?"

"गुंड्या, ही परीकथा आहे."

"परी कुठाय हिच्यात? नुसता बाजारच हाय की. आन बाजार असा नसतोय."

मास्तरांनी छडी घेतली. एक बसली, दुसरी बसली. तिसरी गुंडानं वरच्या वर धरली, गुडघ्यावर मोडली, दोन्ही तुकडे मास्तरांच्या टेबलावर नीट शेजारी शेजारी ठेवले आणि दप्तर उचलून घरी आला. तो परत शाळेत गेला नाही. मास्तरांनीही बोलावणं धाडलं नाही. छडी मात्र नवी आणली.

पण गुंडाचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडं जनावराचा भाव तोंडानं बोलायचा नसतो. दलाल विकणाऱ्याचा हात हातात घेतो, वर रुमाल टाकतो, आणि मग आत बोटं दाबून काय ते ठरतं. रुमालाच्या आत नुसती मारामारी चाललेली असते, आणि बाहेर दोघांची तोंडं अशी, जणू मयताला आलेत. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग पुस्तकवाल्याला का असू नये?

शाळा सुटली तसा गुंडा हौश्याच्या मागं लागला. वैरणपाणी करायचा, ओढ्यावर नेऊन धुवायचा, आणि धुता धुता भोवतीच्या पोरांना गोष्टी सांगायचा. गोष्टी पुस्तकातल्याच, पण दुरुस्त केलेल्या. राजवाड्यात एका पोरीचं पायताण राहतं आणि राजाचा शिपाई ते घेऊन घरोघर बायकांचे पाय बघत हिंडतो, ही गोष्ट गुंडाच्या तोंडून निराळी व्हायची. "पायताण कुनाचं हे ज्यानं शिवलं त्याला इचारायचं सोडून ह्यो पाय कशाला बघतोय?" असं म्हणून गावकरी शिपायालाच ठोकून काढायचे. शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीत एक शेजारीण होती. ती रोज सकाळी येऊन राजकन्येच्या आईला नवीन औषध सांगायची आणि जाताना वाटीभर साखर मागायची. ही शेजारीण कुठनं आली, हे शेजारच्या हरणाबाईला बरोबर कळलं होतं. ती चार दिवस साखर मागायला आली नाही.

लढाई संपली त्या साली लालासाहेब पाटलांनी गुंडाला चावडीवर बोलावलं. "गुंडा, पोरास्नी लय गोष्टी सांगतोस म्हनं. औंदा गनपतीत पोरांचा मेळा तू बसीव."

गुंडानं ऐकलं आणि त्याला पहिल्यांदा काय दिसलं असेल तर पहिल्या रांगेत बसलेले मास्तर. तीच गोष्ट करायची, आणि जशी व्हायला पाहिजे तशी करायची. खरा बैल, खरा दलाल, खरा रुमाल. एक गोष्ट खोटी नको.

खेळाला सरकारी परवानगी लागत होती. लढाई संपली तरी बेचाळीसच्या चळवळीपासनं आपल्या जिल्ह्याची गोऱ्या सरकारनं धास्तीच घेतली होती, चार माणसं एका जागी शिंकली तरी फौजदार येऊन बघायचा. गुंडा चालत तासगावला कचेरीत गेला. कारकुनानं अर्ज वाचला.

"खेळात काय आहे?"

"एक राक्षस हाय. त्यो वर बसलाय, लोकांचं सोनंनानं घिऊन. एक पोरगा वर जातुया आन ते खाली घिऊन येतुया. मग राक्षस पडून मरतुया."

कारकुनानं चष्मा काढला आणि पुसला. "हा राक्षस कुठला?"

"आभाळातला."

"समुद्रापलीकडचा नव्हे?"

"समुद्र न्हाई आमच्या खेळात. आमच्याकडं ओढा हाय फकस्त."

असं होऊन गुंडाला तीन हेलपाटे पडले. चौथ्या वेळी शिक्का मिळाला, खाली तीन अटी लिहून. राक्षसाच्या डोक्यावर हॅट असू नये. राक्षसाचा रंग गोरा असू नये. आणि राक्षसानं मरू नये, फक्त जायबंदी व्हावं.

राक्षसाचं काम होतं धुळाकडं. धुळा मेंढरं राखणारा, अठरा वर्षांचा, दारातनं वाकून यावं लागेल एवढा. हॅट नाही म्हणून त्याला फेटा बांधला, तर लालासाहेबांचा चेहरा उतरला. गावात तसला फेटा एकट्या त्यांच्या डोक्यावर असायचा. शेवटी धुळानं स्वतःच्याच घोंगड्याची खोळ पांघरली. राक्षस पावसात मेंढरं हाकायला निघाल्यासारखा दिसायला लागला, पण आता त्याच्यावर कुणाची हरकत नव्हती. रॉकेल रेशनवर, बत्तीला मिळेना, म्हणून खेळ भर दुपारी धरला.

राहिला बैल. शालूबाई चुलीपुढनं उठलीच नाही. "न्हाई म्हंजे न्हाई. नाथाजीनं पत्रात काय लिवलंय, तूच वाचलास न्हवं?"

पत्रात होतं, हौश्याला नजरेआड करू नको, मी गणपती बुडायच्या आत पोचतो. नाथाजीनं पलटणीतल्या पहिल्या सुट्टीत तो खोंड स्वतः निवडून आणला होता. आईला दोन ओळी आणि बैलाला चार, असं त्याचं पत्र असायचं.

"आये, आत जायाचं आन भाईर यायाचं. दोन घटकेचं काम."

तेवढ्यात हरणाबाई आली. साखरेचा राग निवला होता, कारण साखर संपली होती. "अगं दे की शालू. समदं गाव बगंल बैल. ज्येच्या दावनीला असला बैल, त्या नाथाजीला पोरी सांगून येतील."

शालूबाईनं आजवर हरणाबाईचं काही ऐकलं नव्हतं. हे एवढं ऐकलं.

गोष्टीतल्या म्हाताऱ्याच्या जागी दलाल म्हणून गुंडानं कोंडीबालाच गाठलं. साठीचा माणूस, खांद्यावर लाल रुमाल, बावीस गावांच्या बाजारात त्याच्याशिवाय जनावर हलत नसे. लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं खेळाचा कागद त्यानं बघितलाच नाही. कोंडीबा म्हणाला, "मी बाजारात जसं करतो तसंच करनार. नाटकावानी हात हलवायला लावशील तर जमायचं न्हाई."

गुंडाला तेच पाहिजे होतं. त्यानं कोंडीबाला एवढंच सांगितलं, "तात्या, वेल आभाळाला जाईल म्हनून तुमी पाच बिया देता आन बैल घिऊन चावडीमागं जाऊन हुबं ऱ्हाता. पुढचं आमी बघतो." पुढं काय होतं ते कोंडीबानं विचारलं नाही, आणि गुंडानं सांगितलं नाही. इथं खरी मेख होती, पण ती नंतर कळली. बिया कोंडीबानं घरच्याच आणल्या. ठिपक्याठिपक्यांच्या. त्याच्या बायकोनं अथणीकडनं माहेरचं बी म्हणून आणलेला तो घेवडा गावात दुसऱ्या कुणाकडं नव्हता.

गणपतीच्या चौथ्या दिवशी खेळ उभा राहिला. मास्तर पहिल्या रांगेत होते. गुंडा गरीब पोरगा झाला होता, त्यासाठी त्याला फार काही करावं लागलं नाही. हौश्या आला तेव्हा मांडवात "आहाहा" झालं. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. मग कोंडीबा आला.

कोंडीबानं हौश्याचं तोंड उघडून दात बघितले. लिहिलेलं होतं तसंच. मग त्याला मांडवात तीनदा चालवला. हे लिहिलेलं नव्हतं. मग शेपटीचा गोंडा बघितला, खूर उचलून बघितले, पाठीवरनं हात फिरवला आणि एका जागी थांबला.

"केसांचा भोवरा हाय," कोंडीबा म्हणाला. "ह्या जागंचा भोवरा धन्याला लाभत न्हाई."

मांडवात कुजबुज सुरू झाली. गुंडाच्या कानाची पाळी तापली. "कुनाला लाभत न्हाई? हा बैल घरात आल्यापासनं आमच्या दादाला लढाईत खरचटलं सुदिक न्हाई."

"मी जे हाय ते सांगतो, लेकरा. बाजार हाय ह्यो."

मग रुमाल पडला. कागदावर लिहिलं होतं की कोंडीबा पाचही बोटं दाबणार आणि गुंडा हो म्हणणार. रुमालाखाली कोंडीबानं दोन बोटं दाबली. गुंडाला वाटलं, चुकला. त्यानं पंजा दाबला. कोंडीबानं परत दोन दाबली, आणि वर अर्धं पेर. म्हणजे अडीच बिया. गुंडा दातओठ खात पुटपुटला, "तात्या, पाच. पाच ठरलंय." कोंडीबानं तोंड मयताचं ठेवून सांगितलं, "सौद्यात आदी ठरल्यालं नसतंय."

अर्धा तास गेला. लोक पुढं सरकले. कुणी म्हणे अडीचला देऊ नको, कुणी म्हणे भोवऱ्याचं बघायला पाहिजे. बाया उठून उभ्या राहिल्या. मागनं धुळानं खोळीतनं डोकं काढून विचारलं, "माझं कवा येतंय?" त्याला दोघांनी परत आत ढकलला. शेवटी कोंडीबानं तीन केल्या, चार केल्या, आणि एक मोठा सुस्कारा टाकून पंजा दाबला. तोवर गुंडाचं डोकं पुरतं फिरलं होतं. हे नाटक आहे हेच तो विसरला. रुमाल भिरकावून देऊन तो ओरडला, "दिला. पाच बियांना दिला. जोतिबाची आन घिऊन दिला, आन दिला म्हंजे दिला."

"चांगभलं," अडीचशे माणसं एका तोंडानं म्हणाली. त्यात लालासाहेबांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

कोंडीबानं "पेर, वेल आभाळाला जाईल," म्हणत पाच बिया गुंडाच्या हातावर ठेवल्या आणि हौश्याच्या कपाळाला गुलाल लावला. रीत अशी की जनावर जातं, दावं मालकाकडंच राहतं. गुंडानं आपलं दावं सोडून खांद्यावर टाकलं, कोंडीबानं आपलं बांधलं आणि बैल घेऊन निघाला. तेव्हा मागनं कुणीतरी हसला. "पाच बियांत बैल. कोंडीबानं पोराला पार गंडीवला की." मग सगळेच हसले. कोंडीबाची पाठ एकदम ताठ झाली. चावडीमागं तो थांबला नाही. पुढच्या बोळात वळला, त्याच्या पुढच्या बोळात वळला आणि घरी जाऊन हौश्याला आपल्या गोठ्यात बांधला.

पुढचा प्रवेश बैलाशिवाय होईना. वाट बघून लोक उठले. उठता उठता मास्तर बाकीच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणून परीकथा परीकथेसारखी सांगावी." बैल गेला त्यापेक्षा हे गुंडाला जास्त लागलं. निदान त्या घटकेला तरी.

तो धावत कोंडीबाकडं गेला. कोंडीबा हौश्याला ओली वैरण घालत होता.

"तात्या, बैल द्या. माणसं खोळंबल्यात."

"कुनाचा बैल?"

"आवं, नाटक हुतं ते."

"दात मी नाटकातलं बघितलं? गुलाल नाटकातला? जोतिबा नाटकातला?" कोंडीबानं खांद्यावरचा रुमाल काढून घडी घातली. "चाळीस वरसं झाली गुंडा. ह्या रुमालाखालचा एक सौदा माघारी आला न्हाई. आज बैल माघारी दिला तर उद्या बाजारात लोक म्हनतील, कोंडीबाचा रुमाल नाटकातला. मग कोन हात घालंल ह्याच्याखाली?"

गुंडा घरी आला. आईच्या हातात पाच बिया ठेवल्या आणि काय झालं ते सांगितलं. पुस्तकातली आई बिया खिडकीतनं फेकते. शालूबाईच्या घराला खिडकी नव्हती, म्हणून तिनं मागल्या दारातनं फेकल्या. "मुडद्या, भावाला काय तोंड दावशील?" त्यानंतर ती जे बोलली ते पुस्तकात छापण्यासारखं नाही.

आणि मागल्या दारी हरणाबाईच्या कोंबड्या होत्या. गुंडा धावत बाहेर आला तोवर त्या चोची पुसत होत्या. गोष्टीत कोंबड्या नव्हत्या. पुस्तकवाल्याची ही दुसरी चूक गुंडाच्या तिथल्या तिथं ध्यानात आली, पण आता सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी चावडीवर बैठक बसली. लालासाहेब मोठ्या पेचात. चांगभलं त्यांनीच सगळ्यात मोठ्यानं म्हटलेलं.

"कोंडीबा, तू नवा सौदा तरी करशील का? बैल द्यायचा, बिया घ्यायच्या."

"करीन की. माघारी न्हाई, नवा. पन माझ्याच बिया, पाचच्या पाच. ठिपक्याच्या."

"त्या कोंबड्यांनी खाल्ल्या," गुंडा म्हणाला.

"माझ्या कोंबड्यांवर आळ घेऊ नगंस," हरणाबाई मागनं म्हणाली. "त्या घेवडा खात न्हाईत. वातूळ असतोय."

सल्ले भरपूर आले. कुणी म्हणालं, अथणीला जाऊन तसलंच बी आण. गुंडा म्हणाला, ते बी तिथलं, कोंडीबातात्याच्या घरचं न्हवं. कुणी म्हणालं, हौश्यासारखा दुसरा बैल रंगवून दावणीला उभा कर, नाथाजी दमून आलेला असेल. हरणाबाईनं सांगितलं की नाथाजी दारात आला की सगळ्यांनी मोठ्यानं रडावं, म्हणजे त्याला वाटेल कुणीतरी माणूस गेलं, आणि नुसता बैलच गेलाय म्हटल्यावर त्याला बरंच वाटेल. हा सल्ला चावडीवर दोघातिघांना पटलाही.

त्यानंतर गुंडा चार दिवस घराबाहेर पडला नाही. ओढ्यावरची पोरं दारात येऊन विचारायची, "पोरगा वर गेला का रं? राक्षसानं खाल्ला का?" गुंडा आतनं ढेकूळ फेकून मारायचा. दावणीचा खुंटा मोकळा होता आणि आई त्याच्याशी बोलत नव्हती. जेवायला मात्र वाढायची, पण ताट असं आपटायची की तेच बोलणं.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं हाक मारली. "ए, हिकडं ये."

उकिरड्याच्या कडेला एक टोपली पालथी घातलेली होती. शालूबाईनं ती उचलली. खाली एक कोंब होता. दोन पानं, मान वाकडी, आणि अजून अंगाला चिकटलेलं ठिपक्याचं साल.

"दोन दिस झालं झाकून ठिवलाय," ती म्हणाली. "त्या भवानीच्या कोंबड्यांपासनं."

गुंडानं मातीसकट कोंब कुंडीत काढला आणि कोंडीबाच्या दारात नेऊन ठेवला. कोंडीबानं वाकून बघितलं. "वेल हाय ह्यो. सौदा बियांचा."

"मग लागत्याल की बिया. ह्योच वेल आभाळाला जाईल तवा बघा."

"नाटकातलं बोलू नगंस."

"नाटकातलंच बोलतोय. तुमीच सांगितलं न्हवं, वेल आभाळाला जाईल म्हनून? ते खरं हुतंय की गोष्टीत."

कोंडीबा सरळ उभा राहिला. "काय खरं हुतंय?"

"वेल. रातोरात आभाळाला जातोय. पोराला सोन्याची अंडी घालनारी कोंबडी घावती. ती माय-लेकरं जलमभर सुखात ऱ्हात्यात."

"म्हंजे त्यो दलाल खोटारडा न्हवं?"

"कोन म्हनलं खोटारडा? त्या गोष्टीत एकटा दलालच खरं बोलतोय."

कोंडीबा ओट्यावर बसला. त्यानं रुमालाची घडी घातली आणि मोडली. "मला वाटलं," तो म्हणाला, "तू साऱ्या गावात मला ठग केलास. ज्यो तो हसतोय. बाजारात परवा एकानं इचारलं, तात्या, घेवडा हाय का." मग एकदम तापला. "मग हे तवाच का सांगितलं न्हाईस?"

"तुमी चावडीमागं थांबला असता तर कळलं असतं."

दोघंही सारखेच तापट, त्यामुळं पुढची थोडी वटवट सोडून देऊ. ठरलं ते असं. राहिलेला खेळ करायचा, त्याच अडीचशे माणसांसमोर. बैल मात्र गोठ्यातनं हलायचा नाही, म्हणून खेळच गोठ्याकडं आणायचा. परवानगी एकाच खेळाची होती. लालासाहेबांनी विचार करून सांगितलं की त्यातला अर्धा अजून शिल्लक आहे, सरकारला कळवायची गरज नाही.

गणपती बुडवायच्या दिवशी दुपारी कोंडीबाच्या अंगणात मुंगीला जागा नव्हती. गोठ्याच्या छपराला शिडी लावून तिला भोपळ्याचे वेल गुंडाळले होते. कोंडीबाला खास पहिल्या रांगेत, मास्तरांच्या शेजारी बसवला होता. गुंडा शिडीवर चढला. छपरावर धुळा खोळ पांघरून भाकरीची चवड फस्त करत होता. त्या भाकरी खऱ्या होत्या.

"मानसाचा वास येतोय," धुळा गरजला.

"मानसाचा कसला? तुझ्याच घोंगड्याचा हाय," गुंडा म्हणाला, आणि पोरं अंगणात गडबडा लोळली.

एका बुट्टीत हरणाबाईचीच कोंबडी बसवली होती. गुंडानं कोंबडी बगलेत मारली आणि सरसर खाली आला. मागनं धुळा निघाला. चौथ्या पायरीवर शिडीनं त्याचं वजन जाणलं. मोडली ती, गोष्टीतल्याप्रमाणं पोरानं वेलावर कुऱ्हाड घालायच्या आतच. धुळा खालच्या कडब्याच्या गंजीत गेला आणि घोटा धरून ओरडायला लागला. सरकारी अटीप्रमाणं राक्षस मेला नाही, जायबंदी झाला.

गुंडा कोंबडी घेऊन पुढं आला. धाप लागली होती, पण आवाज खणखणीत होता. "मंडळी, ही सोन्याची कोंबडी कुनामुळं? पोरामुळं न्हवं. त्येला तर काय कळत नव्हतं. ह्या दलालामुळं. समदं गाव हसलं त्येला. पन त्यानं सांगितलं ते अक्षर अन् अक्षर खरं झालं. ज्येच्या रुमालाखालचा शब्द आभाळापतूर जातोय असा दलाल हाय का दुसरा बावीस गावांत?"

"न्हाई," अंगण म्हणालं.

कोंडीबानं मिशी नीट केली. मग लाल रुमालानं डोळे पुसले, आणि तोच रुमाल झटकून उठला. "ये गुंडा. हात घाल."

नाथाजी त्या वेळी वळकटी आणि ट्रंक घेऊन कडेला उभा होता. तासगावातनं चालत आलेला. घराला कडी बघून तो गर्दीच्या मागं मागं इथवर आला होता. आपला बैल कोंडीबाच्या गोठ्यात, आपली आई पहिल्या रांगेत, आणि आपला भाऊ बगलेत कोंबडी धरून रुमालाखाली हात घालतोय, हे सगळं त्यानं बघितलं आणि पलटणीतल्या सवयीनं हुकमाची वाट बघत ताठ उभा राहिला.

रुमालाखाली कोंडीबानं पंजा दाबला. गुंडानं पंजा दाबला. मग कोंडीबानं हळूच म्हटलं, "शेंग वाळल्यावर." गुंडानं मान हलवली. कोंडीबानं आपलं दावं सोडलं. गुंडानं खांद्यावरचं जुनं दावं, जे तो सात दिवस उशाला घेऊन झोपला होता, ते हौश्याच्या गळ्यात घातलं. परत गुलाल, परत चांगभलं.

नाथाजी पुढं आला. हौश्याच्या मानेवरनं हात फिरवला. मग भावाकडं बघितलं. "माझा बैल तू इकत घेतलास?"

"व्हय."

"कितीला?"

गुंडानं छाती पुढं काढली. "दादा, भाव तोंडानं बोलायचा नसतोय."

मास्तर हे सगळं ऐकत होते. जाताना गुंडापाशी थांबले. "शनिवारी दुपारी शाळेत ये. पोरांना गोष्ट सांग."

"येतो. छडी तेवढी भाईर ठेवा."

"ठेवतो," मास्तर म्हणाले.

वेल गुंडाच्या घरामागं लावला. तो छपरावर चढला, छपरावरनं शेजारच्या कडुनिंबावर गेला. कोंडीबा दर बाजारच्या दिवशी वाट वाकडी करून यायचा आणि ओढ्यावरच्या पोरांना विचारायचा, "कुठवर गेलाय रं?"

"आभाळाला दोन हात कमी हाय, तात्या," पोरं सांगायची. कोंडीबा मान वर करून नीट बघायचा आणि म्हणायचा, "जाईल."

मार्गशीर्षात शेंगा वाळल्या. पाच बिया गुंडानं भर बाजारात, रुमालाखाली कोंडीबाच्या हातात ठेवल्या. कोंडीबानं त्या पेरल्या नाहीत. लाल रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या. पुढं बाजारात कुणी त्याच्या शब्दाला शंका घेतली की तो ती गाठ सोडून दाखवायचा.

"ह्या पाच बियांनी एक बैल घेतलाय आन एक बैल दिलाय," तो सांगायचा. "इश्वास बसत नसंल तर चिंचनवाडीला जावा. तिथं गुंडा म्हनून एक हाय. समदी गोष्ट त्यानं लिवलीया."